अँटिव्हायरस बोलता हवा

स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीच्या संगणकावर विकतचा अँटिव्हायरस हवाच, हे मत पटण्यासारखे नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बटणाचे नाव प्रोग्रामने विंडोजला कळवले तरच ते वाचतो; नुसते चित्र असेल तर ‘बटण’ एवढेच ऐकू येते आणि व्हायरसचा इशारा समोर असूनही कळत नाही. ही केवळ गैरसोय नव्हे, धोका आहे. विंडोज 10 व 11 मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मोफतच असतो, कीबोर्डवरून चालवता येतो. दुसरा अँटिव्हायरस टाकताच डिफेंडर सहसा मागे सरतो. म्हणून जळगाव-धुळ्यातल्या संगणक दुकानदारांनी अंध ग्राहकाला विकतचा अँटिव्हायरस सवयीने बसवून देऊ नये. पुण्याच्या क्विक हीलसह कोणताही घ्यायचाच, तर आधी टॅब कळ वापरून स्कॅन आणि नूतनीकरण जमते का, हे वापरणाऱ्यानेच पाहावे.