ओळख पटली, अधिकाराचे काय?

एखादे संकेतस्थळ कोणी बळकावले, त्यावरची माहिती चोरीला गेली, की आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडतो. पासवर्ड कठीण ठेवा, तो कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. हे सल्ले खोटे नाहीत. पण त्यांमुळे असा समज पसरतो की चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते. वस्तुतः पुष्कळदा पासवर्ड चोरीला गेलेलाच नसतो. चोराला त्याची गरजच पडलेली नसते. ज्या प्रोग्रॅमने त्याला ‘हे करण्याचा तुला अधिकार आहे काय?’ असे विचारायला हवे होते, त्याने ते विचारलेलेच नसते.

हा विषय विज्ञान शाखेचा, कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु हा प्रश्न मुळात अधिकाराचा आहे. आणि अधिकार कोणाचा, किती, व तो कोणी तपासायचा, हे तर आपण राज्यशास्त्राच्या तासाला शिकतो. ओळख आणि अधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समोरचा माणूस तलाठी आहे याची खात्री पटली म्हणून त्याला जिल्हाधिकाऱ्याचा हुकूम काढता येत नाही. संगणकाच्या जगात मात्र ही गल्लत सर्रास होते. लॉगिन झाले म्हणजे फक्त ओळख पटली. अधिकाराचा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार ‘वर्डप्रेस’ या प्रणालीवर चालतात. २००३ साली सुरू झालेली ही प्रणाली फुकट मिळते, म्हणून लहान संस्थांना ती परवडते. तिला हवे ते जोडभाग लावता येतात. त्यांना ‘प्लगइन’ म्हणतात. कोणी अर्ज भरून घेण्यासाठी प्लगइन लावतो, कोणी छायाचित्रे मांडण्यासाठी. वर्डप्रेसमध्ये सभासदांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वांत खाली नुसता वाचक म्हणजे ‘सबस्क्रायबर’ आणि सर्वांत वर सर्वाधिकारी ‘अॅडमिनिस्ट्रेटर’. मूळ प्रणाली आपल्या कामांपुरती ही पायरी तपासते. प्लगइनच्या कामांसाठी ती तपासणी प्लगइन लिहिणाऱ्यालाच लिहावी लागते, आणि तेथेच घोटाळा होतो.

लिहिणारा समजतो की बटण फक्त अॅडमिनिस्ट्रेटरच्या पडद्यावर दिसते, तेव्हा ते दुसरा कोण दाबणार? पण बटण न दाबताही तीच विनंती थेट सर्व्हरकडे पाठवता येते. सर्व्हरने विचारले नाही, तर काम होऊन जाते. बटण लपवणे म्हणजे परवानगी तपासणे नव्हे. त्यात शब्दही फसवे आहेत. वर्डप्रेसमध्ये ‘इज अॅडमिन’ नावाचे एक फंक्शन आहे. नावावरून वाटते की ते माणसाचा अधिकार तपासते. प्रत्यक्षात विनंती व्यवस्थापनाच्या विभागाकडे आली आहे काय, एवढेच ते सांगते. अधिकार तपासणारे फंक्शन निराळे, ‘करंट युजर कॅन’ या नावाचे. ‘नॉन्स’ नावाची एक खूणचिठ्ठीही विनंतीबरोबर असते. पण ती अधिकाराचा पुरावा मानू नये, असे वर्डप्रेसचे स्वतःचे मार्गदर्शनच सांगते.

याचे फळ काय होते, ते २०१८ साली दिसले. युरोपात त्या वर्षीच्या मे महिन्यात खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू झाला. तो पाळणे सोपे जावे म्हणून तयार झालेले ‘डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स’ हे प्लगइन एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर होते. त्यातील सेटिंग बदलणाऱ्या भागात अधिकाराची तपासणी नव्हती. चोरांनी बाहेरूनच दोन सेटिंग बदलली: कोणालाही नाव नोंदवता यावे, आणि नव्या सभासदाला थेट अॅडमिनिस्ट्रेटरची पायरी मिळावी. मग त्यांनी रीतसर नाव नोंदवले आणि मालक होऊन बसले. नोव्हेंबरमध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. खाजगीपणा राखण्यासाठी आणलेल्या रखवालदारानेच दार उघडे ठेवले होते!

उपाय कोणाला ठाऊक नाही असेही नाही. साल्ट्झर व श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे की प्रत्येक वेळी, प्रत्येक कामासाठी अधिकार तपासावा, आणि स्पष्ट परवानगी नसेल तर नकार हेच उत्तर असावे. प्लगइन लिहिणाऱ्याने एवढे पाळले तरी पुष्कळ होईल. काम जेथे घडते तेथेच अधिकार तपासावा. कोणती सेटिंग बदलता येतील त्यांची यादी ठरवून बाकी सर्व नाकारावीत. आणि प्लगइन बाहेर देण्यापूर्वी स्वतः सबस्क्रायबर होऊन प्रत्येक विनंती पाठवून पाहावी. २०२० च्या ५.५ या आवृत्तीपासून वर्डप्रेस काही ठिकाणी परवानगीची तपासणी लिहिली नसेल तर इशारा देते. पण ‘सर्वांना परवानगी’ असे लिहून तो इशारा गप्प करता येतो. कागद पूर्ण आणि तपासणी शून्य, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

संकेतस्थळ चालवणाऱ्या संस्थेलाही हात झटकता येणार नाहीत. नको असलेली प्लगइन नुसती बंद न ठेवता काढून टाकावीत, उरलेली वेळच्या वेळी अद्ययावत करावीत. गरज नसेल तर बाहेरच्यांची नोंदणी बंद ठेवावी. अॅडमिनिस्ट्रेटर कोण कोण आहेत ती यादी अधूनमधून तपासावी आणि सर्व माहितीची प्रत वेगळ्या जागी ठेवावी.

फुकट काम करणाऱ्यावर एवढी सक्ती कशी करायची, असा एक आक्षेप आहे. मला तो पटत नाही. पाणपोई फुकट असते म्हणून तिचे पाणी गढूळ चालत नाही. आणि ‘आमच्या एवढ्याशा संकेतस्थळाकडे कोण पाहणार?’ हा दुसरा आक्षेप तर भाबडा आहे. चोर नावे पाहून येत नाहीत. सदोष प्लगइन कोठे कोठे आहे ते त्यांचे प्रोग्रॅम आपोआप शोधत असतात.

आज प्रवेशअर्जापासून शिष्यवृत्तीपर्यंत आपण नाव, जात, वडिलांचे उत्पन्न, बँकखाते सारे ऑनलाइन भरतो. भरताना आपल्याला पर्याय नसतो. अर्ज अपुरा असेल तर तो परत येतो. ज्यांना तो वाचण्याचा अधिकार नाही त्यांना तो वाचता येत नाही ना, हे विचारायची मात्र पद्धत नाही. ती आपण पाडली पाहिजे. महाविद्यालयाने, ग्रंथालयाने, पतपेढीने संकेतस्थळ करून घेताना रंग कोणता व फोटो किती याच्या आधी विचारावे: येथे कोणाला काय करता येते, आणि ते तपासते कोण? हा प्रश्न विचारायला संगणकाची पदवी लागत नाही. आपला अर्ज तेथे आहे, एवढे कारण पुरे आहे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा