ओळ कोठें मोडावी?

कवितेची ओळ कोठें मोडावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. मोठ्या अभंगांत ६, ६, ६ व ४ अक्षरांचे चरण असतात; शार्दूलविक्रीडितांत १९ अक्षरांपैकीं १२ व्या अक्षरापाशीं यति येतो. तेथें नियमच कवीचा हात धरतो. कवि अनिल यांच्या ‘भग्नमूर्ती’सारख्या (१९४०) मुक्तछंदांत हा आधार नसतो, सर्व भार कानावर पडतो. ‘जाऊं नको थांबूं’ हे तीनच शब्द घ्या. ‘जाऊं’पाशीं ओळ मोडल्यास निघण्याची घाई, ‘नको’पाशीं मोडल्यास राहण्याचा आग्रह!

म्हणून आमचें मत असें कीं, विद्यार्थ्यांनीं हा अभ्यास एकट्यानें न करितां चारपांच लेखनमित्रांसह करावा. एकानें आपली कविता मोठ्यानें वाचावी; इतरांनीं ती ऐकून उतरून घ्यावी व कानास पटेल तेथें ओळ मोडावी. मग प्रती ताडून पाहाव्या. मतभेद झाल्यास कवीनें आपलें कारण सांगावें. तें न सुचल्यास ओळ पुन्हां जोडावी.

पालकांस हा कालापव्यय वाटेल. परंतु आपल्या शब्दांवरील टीका न रागावतां ऐकण्याचें शिक्षण वर्गांत सहसा मिळत नाहीं. तें या बैठकींत मिळतें.