पेटी पलंगाखालून काढा

भगिनींनो, २६ जुलै २००५ चा मंगळवार कल्याणकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; इकडे उल्हास नदीने काठ सोडला. आम्ही तळमजल्यावर राहायचो. बाळाला घेऊन वरच्या खालांकडे पोचलो आणि मला माझी सर्टिफिकेटं आठवली. ती पलंगाखालच्या पेटीत! त्यांच्यासाठी हे कमरेएवढ्या पाण्यात परत उतरले. मेन स्विच चालूच होता. सुखरूप वर आले, अल्हम्दुलिल्लाह. पण चूक माझी होती.

जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली. हजारावर प्रवासी वाचले, पण मदत पोचायला कित्येक तास गेले. तेवढा वेळ आपलं आपणच निभवायचं असतं.

म्हणून मृगाआधी मी एक पिशवी भरून उंच खुंटीला लावते. रेशनकार्ड, आधार, सर्टिफिकेटं प्लास्टिकमध्ये गुंडाळून. अम्मींच्या बीपीच्या आठवडाभराच्या गोळ्या, बॅटरी, शिट्टी, खजूर, चणे, पाणी. गल्लीत पाणी दिसताच, हात-पाय कोरडे असतानाच मेन स्विच आणि गॅस बंद करा. वाहत्या पाण्यात मुलांना उतरवू नका. उघडं गटार दिसत नाही. ११२ आणि १०७७ हे नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्या. पुराच्या पाण्यातून चाललेल्याला ताप आला तर अंगावर काढू नका. लेप्टो असू शकतो.

दुआ तर करूच. पण ती पेटी आज रात्रीच माळ्यावर ठेवा.