‘हेल्पर’च्या जिवाला किंमत आहे काय?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, बँकांच्या शाखा वाढल्या, खाजगी दवाखाने वाढले आणि त्यांच्या मागोमाग एसी आले. आज हिंगोली, वसमत, कळमनुरीच काय, सेनगाव-औंढ्याच्या नव्या घरांच्या भिंतींवरही एसीचे आउटडोअर लटकलेले दिसते. मराठवाड्याचा मे महिना चाळीस अंशांच्या पुढे जातो. ज्याला परवडते त्याने गारवा घेतला तर आमची काही तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हा गारवा ज्या गॅसमुळे मिळतो तो गॅस हाताळतो कोण? दुसऱ्या मजल्याच्या छज्जावर उभा राहून आउटडोअरचा नट खोलतो कोण?

खोलतो तो हेल्पर. शाळा अर्ध्यात सुटलेला, घरी शेती नसलेला, ऊसतोडीच्या टोळीत जायचे नाही म्हणून नांदेडला किंवा पुण्याला एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन उन्हाळे काढून आलेला आमच्या वस्तीतला पोरगा. दुकानावर पाटी मालकाची, पावती मालकाची, आणि गॅस मात्र याच्या तोंडावर. दुकानाच्या वहीत त्याचे नाव नसते.

‘हेल्पर’ या शब्दाचा इतिहास आमच्या वाचकांना नवा नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. अस्पृश्य कामगार रेल्वेत गँगमनच का राहतो, वर्कशॉपमध्ये जन्मभर कुली म्हणूनच का राबतो, कारागिराची जागा त्याला का मिळत नाही, हे बाबासाहेबांनी तेथे उघड करून सांगितले. प्रश्न केवळ पगाराचा नव्हता. हत्यार कोणाच्या हाती आणि ओझे कोणाच्या डोक्यावर, असा तो प्रश्न होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि तांत्रिक प्रशिक्षण हा त्याच खात्याचा विषय होता. तंत्र शिकलेला कामगार आणि नुसता राबणारा कामगार यांच्यात किती अंतर असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता गॅसकडे वळू. वीस वर्षांपूर्वी घरगुती एसी म्हटला की त्यात आर-२२ असणार हे ठरलेले होते. हा गॅस ओझोनचा थर विरळ करतो. १९८७ च्या माँट्रियल कराराने अशा वायूंना आवर घालायचे ठरले, भारत १९९२ साली त्या करारात सामील झाला, आणि १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रे बनवताना आर-२२ वापरायला आपल्याकडे बंदी आहे. जुनी यंत्रे मात्र अजून भिंतीवर आहेत. त्यांच्या शेजारी आर-४१० ए आहे, आर-३२ आहे, आणि काही यंत्रांत आर-२९० आहे. आर-४१० ए आणि आर-३२ यांचा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. आर-३२ पेट घेऊ शकतो. आर-२९० म्हणजे तर शुद्ध प्रोपेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या वायूचा सख्खा भाऊ. फरक एवढाच की त्याला बहुधा वास घातलेला नसतो. हवेत तो दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला की एक ठिणगी पुरते.

गॅस बदलला, पण पोराला शिकवलेली पद्धत बदलली नाही. मिस्त्रीने त्याला आर-२२ च्या दिवसांत जे दाखवले तेच तो आजही करतो. दुरुस्तीआधी व्हॉल्व्ह उघडून सगळा गॅस हवेत सोडून देणे, हा त्यातला पहिला धडा. आर-२२ सोडला तर ओझोनचे नुकसान. आर-४१० ए सोडला तर ओझोन वाचतो, पण त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे दोन हजार पट जास्त ऊब वातावरणात अडकते. आणि बंद खोलीत आर-२९० सोडला तर पोरगाच पेटतो. हे सगळेच वायू हवेपेक्षा जड. ते खाली साचतात आणि कोंदट जागेत श्वासाची हवा बाजूला सारतात. द्रवरूप गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते, कारण आर-२२ उणे ४१ अंशांवर उकळतो आणि आर-३२ उणे ५२ वर. हातमोजे आणि चष्मा ही चैन नव्हे.

नळीत गॅस शिल्लक असताना तिच्यावर ज्योत धरली तर आर-२२ पासून फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला वापरला गेला तो हाच फॉस्जीन. गळती शोधण्यासाठी दाब द्यायचा तो नायट्रोजनचा, तोही रेग्युलेटर लावून. वेल्डिंगसाठी आणलेला ऑक्सिजन जवळ आहे म्हणून तोच नळीत भरला, तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. घर बदलताना एसी काढायचा असतो तेव्हाचा धोका तर मिस्त्री लोकही सांगत नाहीत. गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेण्यासाठी कॉम्प्रेसर चालू ठेवतात. त्या वेळी एखादा नट ढिला राहिला किंवा घाईने नळी आधीच सोडवली, तर कॉम्प्रेसर गॅसऐवजी हवा ओढतो. हवा आणि तेलाची वाफ दाबली गेली की डिझेल इंजिनात होते तेच होते. आणि त्या वेळी हेल्परचे तोंड कॉम्प्रेसरपासून हातभर अंतरावर असते.

यावरचा उपाय परग्रहावरचा नाही. गॅस सोडायचा नाही, रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरात काढून घ्यायचा, सिलिंडर ऐंशी टक्क्यांच्या वर भरायचा नाही. यंत्रावरची पट्टी वाचायची आणि तिच्यावर लिहिला असेल तोच गॅस वजन करून भरायचा. स्वस्त मिळतो म्हणून जुन्या आर-२२ च्या यंत्रात पेट घेणारा गॅस ढकलायचा नाही. नळीतली हवा गॅसनेच हुसकून न लावता व्हॅक्यूम पंपाने काढायची. दारे-खिडक्या उघड्या, वीज बंद, विडी-सिगारेट लांब.

व्हॅक्यूमवरून आठवले. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभे राहणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटींना मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी तेथे चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी राखावी लागेल. विज्ञानाचे आम्ही स्वागतच करतो. बुद्धाच्या वाटेवर चालणाऱ्यांनी नाही करायचे तर कोणी? पण त्याच जिल्ह्यातल्या पोराला पाच मीटर नळी निर्वात करायला एक पंप मिळू नये, याची लाज कोणाला तरी वाटली पाहिजे की नाही?

कागदावर सरकारने विचार केलेला आहे. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिसिंग तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. त्या लाखात सेनगावचा हेल्पर किती, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयाने जाहीर करावे. ज्याच्याकडे दहावीची गुणपत्रिका नाही, दुकानदाराचे पत्र नाही आणि ज्याला इंग्रजी पुस्तिका वाचता येत नाही, तो या योजनेच्या दारापर्यंत पोचतो कसा? प्रशिक्षण मराठीत हवे, हिवाळ्यात हवे, बुडालेली मजुरी भरून देऊन हवे. रिकव्हरी मशीन एकट्याच्या ऐपतीबाहेरचे असेल तर ते तालुक्याच्या आयटीआयमध्ये ठेवून भाड्याने द्यावे. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळाने कर्ज देताना पंप, वजनकाटा, गेज आणि रेग्युलेटर यांचा एकच संच धरावा. अनुसूचित जातींच्या विकासाचा निधी जिल्ह्यात दरवर्षी येतो. तो कोणकोणत्या वाटांनी जातो हे आमचे वाचक जाणतात.

दोन शब्द आमच्यातल्या नोकरदारांनाही. भीमजयंतीला व्यासपीठावर कामगारांविषयी बोलणारा आमचा साहेब घरी एसी दुरुस्तीला पोरगा आला की म्हणतो, ‘पंप-बिंप नको, नुसता गॅस मार आणि लवकर आटप.’ ते पैसे वाचतात ते त्या पोराच्या फुफ्फुसातून. पंप लावला का, गॅस कुठे काढला, एवढे दोन प्रश्न घरमालकाने विचारले तरी दुकानदाराला सामान आणावे लागेल.

सरकारी कचेऱ्या, रुग्णालये आणि बँका एसीच्या देखभालीचे वार्षिक करार करतात. प्रमाणपत्रधारक कामगार, रिकव्हरी मशीन आणि हेल्परसह प्रत्येकाचा अपघात विमा, या तीन अटी त्या करारांत घालाव्यात. नवे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. तेव्हा हिंगोलीतल्या कार्यकर्त्यांनी या मागणीचे निवेदन फेब्रुवारी संपण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावे, आणि ते देताना शिष्टमंडळात दोन-चार हेल्पर सोबत न्यावेत.