तीन कोटेशनं, एक बॅटरी

आमच्या कोकणात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. ग्रंथांतून ‘विजेरी’ असा एक गोड शब्द भेटतो, पण बोलताना कोणाच्या तोंडून तो मी अजून ऐकलेला नाही.

यंदा पहिल्या मोठ्या पावसात रात्री वीज गेली आणि तासाभरात शेजारच्या वहिनींचा मुलगा रेनकोट चढवून बाहेर पडला. तो लाइनमन आहे. मी पडवीत उभा होतो. फाटकापाशी थांबून त्यानं हातातली वीतभर बॅटरी समोरच्या डोंगरावर मारली, आणि पऱ्ह्यापलीकडचा खांब, तारांवर आडवी झालेली ऐनाची फांदी, फांदीवरून निथळणारं पाणी असं सगळं त्या मिट्ट काळोखात उभं राहिलं.

“काका, इथूनच दिसली बघा. नाहीतर अख्खी लाइन पायाखाली घालावी लागली असती,” असं म्हणत तो निघून गेलासुद्धा.

माझ्या लहानपणी आमच्या घरात तीन सेलची पितळी बॅटरी होती. सेल उतरले की वडील ते उन्हात वाळत घालत आणि आणखी दोन रात्री ढकलत. तिचा पिवळा उजेड जेमतेम गोठ्यापर्यंत पोचे. त्या उजेडापासून या उजेडापर्यंतची वाट जपानमधून आली. १९९३ साली शूजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी करून दाखवला. निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला, की आपल्या डोळ्याला तो उजेड पांढरा दिसतो. इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते योग्यच झालं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला चहाला बोलावलं आणि बॅटरी हातात घेऊन पाहिली. मी विचारलं, “अरे, बाजारात तर याहून मोठ्या आकड्यांच्या दोन-तीनशे रुपयांत मिळतात. तू एवढे पैसे का घातलेस?”

तो हसला. म्हणाला, “काका, खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.”

मग त्यानं मला जे शिकवलं, ते बँकेतल्या माणसाला चटकन कळण्यासारखं होतं. खोक्यावर लिहिलेले ल्यूमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. मान्यताप्राप्त चाचणीत तो बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत मोजतात. त्यानंतर एलईडी तापतो, आणि तो जळू नये म्हणून चांगली बॅटरी आपण होऊन उजेड कमी करते. थोडक्यात, हा ३१ मार्चच्या ठेवींचा आकडा! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाखेत काय उरतं, ते आम्हा मंडळींना ठाऊक असतं. ‘इतके तास चालते’ याचा अर्थही उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंत चालते, एवढाच. ‘इतके मीटर पोचते’ म्हणजे तिथं पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स, उजेड पडतो. आणि निदान हे मोजमाप तरी प्रामाणिक असतं. स्वस्त मालावरचे आकडे कोणीच मोजलेले नसतात. आतल्या १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेलवर कोणी बेधडक ९,९०० छापतो. नामवंत कंपन्यांचा त्याच मापाचा सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतो.

शिवाय एका बॅटरीत भागत नाही. लांबचं पाहायला अरुंद झोत लागतो. धुक्यात पसरट उजेड मारला, तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. खांबावर चढल्यावर हाताच्या अंतरावर प्रखर उजेड उलटा डोळ्यांवर येतो, म्हणून तिथं कपाळाला बांधायचा मंद दिवा. धातूच्या अंगाची बॅटरी तो तारांजवळ नेतच नाही. भिकार निळसर उजेडात तांबं आणि गंज सारखेच दिसतात, ही त्याची आणखी एक तक्रार.

हे ऐकताना मला २०११ साल आठवत होतं. तेव्हा मी बँकेच्या एका प्रादेशिक कार्यालयात होतो आणि शाखांच्या रखवालदारांसाठी बॅटऱ्या घ्यायच्या होत्या. तीन कोटेशनं आली, तुलनात्मक तक्ता झाला, ‘सर्वांत कमी दर, सबब शिफारस’ असा शेरा मारून मी सही केली. आल्या त्या प्लास्टिकच्या, मागून पिना बाहेर काढून भिंतीच्या प्लगला लावायच्या. आत शिसं-आम्लाची बॅटरी; ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की कायमची बसते. भारनियमनाच्या त्या दिवसांत ती उतरलेलीच राहणार, हे तक्त्यात कुठं लिहायचं? ऑगस्टमध्ये एका शाखेचा रखवालदार रात्री खुडबुड ऐकून मागच्या बाजूला गेला. बॅटरी विझली आणि जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून तो खाली गेला. खुब्याचं हाड मोडलं. जबाबात त्यानं लिहून दिलं, ‘माझाच पाय घसरला.’ तो कागदही माझ्याच टेबलावरून पुढं गेला.

कमीत कमी दराचा नियम वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. तो चोरी रोखण्यासाठी आहे आणि मी तो तीस वर्षं पाळला. पण त्या तक्त्यात बॅटरी हातात धरणाऱ्या माणसाचा रकाना नाही. नमुन्याच्या तीन बॅटऱ्या तीन रखवालदारांना आठ रात्री भर पावसात वापरायला द्याव्यात आणि ते काय म्हणतात ते दरपत्रकाला जोडावं, एवढं केलं तर कोणता लेखापरीक्षक आडवा येणार आहे?

कोकण रेल्वेच्या गस्तीवाल्याचंच घ्या. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली, तिच्यावर कारवारहून मुंबईकडं येणारी गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. आज अतिवृष्टीत दिसेनासं झालं, की गाड्या ताशी ४० किलोमीटरवर आणतात आणि गस्तीची माणसं रूळ तपासत चालतात. रात्री गाडी थांबवायची तर लाल दिवा दाखवायचा, नाहीतर पांढरा दिवा अंगासमोर आडवा, जोरजोरानं हलवायचा, असा रेल्वेचा नियम आहे. त्या घटकेला गाडीभर माणसं आणि दरड यांच्यामध्ये एका माणसाच्या हातातला उजेड असतो. रात्रीच्या विजेवर पंप चालवायला बांधावरून जाणारा शेतकरी, त्याच्या पायाशी असलेली मण्यार, तिथंही तेच. फरक इतकाच, की त्याची बॅटरी कोणत्याच कार्यालयाच्या खरेदीत बसत नाही.

“मग ही तुला साहेबांनी दिली?” मी त्या मुलाला विचारलं.

“नाही हो काका. मिळालेली आहे एक, पण ती घरी मोरीत लागते.” आणि तो आत आईकडं बघून गप्प झाला.

वहिनी चहाचे कप उचलायला आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, “भिशी लागली होती मला, फ्रीजसाठी. म्हटलं, फ्रीज काय, दिवाळीला बघू.”