आमदार नको, नामदार हवा

राहाता तालुक्यात माणूस पदावरून ओळखायची रीत आहे. लोणीच्या विखे घराण्यातले आजोबा म्हणजे 'पद्मश्री', वडील म्हणजे 'खासदार साहेब', आणि शिर्डी मतदारसंघाचे आजचे प्रतिनिधी राधाकृष्ण विखे पाटील म्हणजे 'नामदार'. नावं घ्यावी लागत नाहीत. नामदार म्हणजे मंत्री. त्यांचा नुसता 'आमदार' असा उल्लेख मी तालुक्यात फार थोड्या वेळा ऐकला आहे, आणि ऐकला तेव्हा त्यात हळहळीचा सूर होता. साहेबांचं काहीतरी गेलंय, असा.

माझं भांडण त्या सुराशी आहे.

आधी हिशेब मांडू. १९९५ पासून विधानसभेच्या सात सार्वत्रिक निवडणुका झाल्या. सातही वेळा विखे इथून निवडून आले. १९९५ ला काँग्रेसकडून, १९९९ ला शिवसेनेकडून, २००४, २००९ आणि २०१४ ला पुन्हा काँग्रेसकडून, २०१९ आणि २०२४ ला भाजपकडून. युती सरकारात मंत्री, पृथ्वीराज चव्हाणांच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री, फडणवीसांच्या पहिल्या सरकारात शेवटचे काही महिने गृहनिर्माणमंत्री, शिंदे सरकारात महसूलमंत्री, आणि डिसेंबर २०२४ पासून गोदावरी व कृष्णा खोऱ्यांचं जलसंपदा खातं. तीन पक्ष, मतदारसंघ एक. वडिलांचाही आलेख फारसा वेगळा नव्हता. बाळासाहेब विखे १९९१ ला काँग्रेसच्या यशवंतराव गडाखांविरुद्ध अपक्ष लढले, हरले आणि कोर्टात गेले. तो खटला निवडणूक कायद्याच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला. पुढे ते शिवसेनेचे खासदार म्हणून वाजपेयींच्या मंत्रिमंडळात गेले आणि २००४ ला काँग्रेसमध्ये परतले.

यावर पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांचा शब्द ठरलेला: दलबदलू. हा शब्द मला आळशी वाटतो. तो वापरला की लिहिणाऱ्याला पुढं काही शोधावं लागत नाही, आणि राहात्यात तर तो कुणाला लागतच नाही. इथल्या मतदारानं पक्षाला मत दिलं होतं कधी? १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला पहिलं गाळप झालं. विठ्ठलराव विख्यांनी शेतकऱ्यांकडून शेअर गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना अध्यक्ष केलं, आणि सहकारी साखर कारखाना ही गोष्ट देशाला दाखवून दिली. त्यानंतर शाळा आल्या, इंजिनिअरिंग आलं, हॉस्पिटल आलं, मेडिकल कॉलेज आलं. मुलाची ॲडमिशन, आईचं ऑपरेशन, उसाची तोड, सोसायटीचं कर्ज या सगळ्या वाटा ज्या दाराशी येतात, त्या दारावरचा झेंडा कुठल्या रंगाचा आहे याची चौकशी कुणी करत नाही. म्हणून पक्ष बदलला यात राहात्याच्या मतदाराची फसवणूक झाली, असं मी म्हणणार नाही. त्याला तसं वाटलेलं नाही. २०१९ ला भाजपच्या तिकिटावरही त्यानं त्यांना भरभरून मतं दिली.

फसवणूक झाली ती दुसऱ्या ठिकाणी, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये विखे विधानसभेतले विरोधी पक्षनेते झाले. या पदाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा असतो. गाडी, बंगला, कर्मचारी सगळं मिळतं, त्यामुळे तालुक्याला फरक कळलाच नाही. नामदार ते नामदारच राहिले. पण हे पद म्हणजे मंत्रिपदाची धाकटी आवृत्ती नाही. १९७८ च्या कायद्यानं महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन दिलं जातं, ते सरकारला अडवण्यासाठी. राज्य माहिती आयुक्त निवडायच्या समितीत मुख्यमंत्री आणि एका मंत्र्याबरोबर तो बसतो. राज्य मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीतही त्याची खुर्ची असते. ज्या बारा कोटी लोकांचं सरकारात कुणी नसतं, त्यांचा तो एकच अधिकृत माणूस.

विख्यांनी ते काम केलं नाही असं नाही. मार्च २०१७ मध्ये शेतकरी कर्जमाफीसाठी गदारोळ केल्याबद्दल विरोधी पक्षांचे १९ आमदार निलंबित झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातून संघर्ष यात्रा निघाली, तिच्यात विखे होते. १ जूनला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. पुणतांबं राहाता तालुक्यातलं गाव, विधानसभेला मात्र कोपरगावला जोडलेलं. दूध रस्त्यावर आलं, बाजार समित्या ओस पडल्या, आणि त्याच महिन्यात सरकारला ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या महिन्यात एका तालुक्याकडे आंदोलन आणि विरोधी पक्षनेता, दोन्ही होते. सत्तेबाहेर असताना या मातीनं सरकारला इतकं हलवलं होतं, हे आम्ही किती लवकर विसरलो!

मग २०१९ आलं. अहमदनगरची लोकसभेची जागा आघाडीत राष्ट्रवादीच्या वाट्याची. ती सुटेना म्हणून चिरंजीव सुजय मार्चमध्ये भाजपमध्ये गेले आणि खासदार झाले. वडिलांनी विरोधी पक्षनेतेपद सोडलं, जूनच्या सुरुवातीला आमदारकीचा राजीनामा दिला, आणि १६ जूनला त्याच सरकारात मंत्रिपदाची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी पावसाळी अधिवेशन सुरू झालं. फेब्रुवारीच्या अधिवेशनात जो माणूस सरकारला जाब विचारत होता, तो आता सरकारतर्फे उत्तर द्यायला उभा होता.

कायद्यात हे बसतं, आणि अगदी नीट बसतं. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट १९८५ चं. २००३ च्या दुरुस्तीनं त्यातली एक-तृतीयांश फुटीची पळवाट बुजवली, शिवाय अपात्र ठरलेल्या सदस्याला मंत्री होण्यापासून रोखलं. पण हे सारं सदस्य अपात्र ठरला तर. त्यानं आधीच राजीनामा दिला तर? मग तो सभागृहाचा सदस्यच नाही, आणि अनुच्छेद १६४ प्रमाणे सदस्य नसलेल्या माणसालाही सहा महिने मंत्री राहता येतं. ऑक्टोबरमध्ये निवडणूक होणारच होती. सहा महिने डिसेंबरमध्ये संपत होते.

ही एका माणसाची गोष्ट असती तर मी एवढा कागद खर्ची घातला नसता. आता त्या खुर्चीचा इतिहास बघा. नारायण राणे २००५ मध्ये विरोधी पक्षनेते होते आणि त्याच वर्षी समोरच्या सरकारात महसूलमंत्री झाले. २०१४ मध्ये एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले, महिना पुरा व्हायच्या आत अख्खी शिवसेना सरकारात गेली आणि तेही मंत्री झाले. त्यांच्या जागी विखे बसले, त्यांचं वर सांगितलं. अजित पवार जुलै २०२२ मध्ये विरोधी पक्षनेते झाले आणि २ जुलै २०२३ ला उपमुख्यमंत्री. अठरा वर्षांत चार जण या खुर्चीवरून उठून थेट पलीकडच्या बाकावर गेले. एसटी स्टँडवर गाडी येईपर्यंत बसायचा बाक असतो, तशी या खुर्चीची गत झाली. २०२४ च्या निवडणुकीनंतर तर ती रिकामीच राहिली. २८८ च्या दहा टक्के म्हणजे २९ आमदार विरोधातल्या एकाही पक्षाकडे नव्हते. ही दहा टक्क्यांची अट १९७८ च्या कायद्यात नाही, ती प्रथा आहे. सत्ताधाऱ्यांना ती सोयीची आहे, एवढंच तिचं बळ.

यावर माझ्या गावातलं उत्तर मला पाठ आहे. "सत्तेत असला तर कामं होतात. विरोधात बसून काय दगड फोडायचे?"

ठीक. मग कामाचंच बोलू, आणि तेही पाण्याचं. राहाता तालुका म्हटलं की बाहेरच्याला ऊस, पेरूच्या बागा आणि शिर्डी दिसते. पण केलवड, पिंप्री निर्मळ या बाजूला तोच तालुका जिरायती आहे. या भागासाठी निळवंडे धरणाला मंजुरी मिळाली १९७० मध्ये, खर्च सुमारे आठ कोटी. डाव्या कालव्याचं लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झालं ते २६ ऑक्टोबर २०२३ ला, तोवर खर्च पाच हजार कोटींच्या पुढं गेलेला. मधली ५३ वर्षं मोजा. या काळात नगर जिल्हा सत्तेबाहेर कधी होता? लोणीला मंत्री होते, शेजारी संगमनेरला बाळासाहेब थोरात मंत्री होते. एकानं पक्ष बदलले, दुसऱ्यानं काँग्रेस सोडली नाही. कालव्याला दोघांत काही फरक कळला नाही. आणि मुख्य कालवा वाहिला म्हणजे टेलच्या शेतकऱ्याचं रान भिजलं असं होत नाही. चाऱ्या, पोटचाऱ्या, आवर्तनाचं वेळापत्रक हा वेगळा हिशेब आहे, आणि तो उद्घाटनाच्या कोनशिलेवर लिहीत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असलं, की नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. तेव्हा आमच्याकडे मोर्चे निघतात, मराठवाड्याच्या नावानं बोटं मोडली जातात. (मराठवाड्याचा हक्क मला मान्य आहे. खोरं एक असेल तर तूटही सगळ्यांनी वाटून घ्यायची.) पण या वाटपाचा आधार असलेला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा आहे, आणि तो विधिमंडळानंच केला. तो मंजूर झाला तेव्हा आमच्या जिल्ह्याचे आमदार सभागृहाचे सदस्य होते. कुणी दुरुस्ती सुचवली, कुणी विरोध केला, कोण गप्प राहिलं? हे विचारणारा मतदार मला तालुक्यात अजून भेटलेला नाही. कायदे करणं हे आमदाराचं काम आहे, हेच आम्हाला लग्नपत्रिकेतल्या 'प्रेषक'सारखं वाटतं. छापलेलं असतं, वाचत कुणी नाही.

नामदार हवा असण्याची किंमत ती ही. मंत्री आपल्या खात्याविरुद्ध सभागृहात प्रश्न विचारू शकत नाही. कॅबिनेटच्या निर्णयाविरुद्ध मत देऊ शकत नाही. म्हणजे ज्या मतदारसंघाचा प्रतिनिधी बहुतेक काळ मंत्री असतो, त्या मतदारसंघाकडून विधानसभेत तेवढा काळ एकही प्रश्न विचारला जात नाही. अर्ज, शिफारशी, फोन सगळं चालतं, पण ते बंद दारामागं. आज जलसंपदा खातं विख्यांकडे आहे. पश्चिमेला समुद्राकडे जाणारं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवायची भाषणं आम्ही टाळ्या वाजवत ऐकतो. त्याचा खर्च किती, मुदत कोणती, पहिलं पाणी कुठल्या तालुक्याला, हे शिर्डीच्या आमदारानं सभागृहात जलसंपदामंत्र्यांना विचारायला हवं. पण ते दोघे एकच आहेत, आणि समोर विरोधी पक्षनेत्याची खुर्ची मोकळी आहे.

विधिमंडळाची कार्यवाही शब्दशः नोंदली जाते. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात वधू-वर सूची आणि भविष्याच्या पुस्तकांसाठी कपाट आहे, त्याच्या शेजारी एका फळीची जागा निघेल. सुरुवात २००५ च्या त्या चर्चेपासून करू. आणायचा खर्च मी देतो.