चालकाची विश्रांती कोणाच्या हिशेबात?

खडकी : जुना पुणे-मुंबई महामार्ग खडकीतून जातो आणि १८६९ पासून दारूगोळा कारखाना असलेल्या या छावणीला अवजड वाहने नवी नाहीत. पुणे शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना प्रवेशबंदी असते. ती उठेपर्यंत ट्रक रस्त्याकडेला उभा राहतो. मालकाच्या लेखी ही चालकाची विश्रांती ठरते. प्रत्यक्षात चालकाला मालावर नजर ठेवावी लागते, गाडी पुढे-मागे घ्यावी लागते. बंदी उठताच वाया गेलेला वेळ भरून काढण्याचा तगादा फोनवर सुरू होतो. चालकाची झोप हरवते ती या हिशेबात.

कायदा याबाबत मुका नव्हता. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम ही सर्वसाधारण मर्यादा होती. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची उसंत बंधनकारक होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९१ नेही हेच तास मान्य केले. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तिच्यात आठ तासांची मर्यादा आहे. मधल्या विश्रांतीचा तपशील मात्र सरकारी अधिसूचनेवर सोपविण्यात आला आहे. त्यामुळे ही अधिसूचना किती काटेकोर असेल, हा कळीचा मुद्दा आहे.

राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असण्याची अट २०१८ मध्ये रद्द झाली. मालकाचा खर्च वाचला. पण एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने झोपावे, ही सोय अनिवार्य राहिली नाही. त्यातच कमाई खेपेवर अवलंबून असेल, तर थांबलेला प्रत्येक तास चालकाच्याच खिशातून जातो. अशा वेळी विश्रांती नाकारण्याचा लेखी आदेश देण्याची मालकाला गरजच उरत नाही.

ही घाई सरकारी कागदांमुळे होते, असेही म्हणता येत नाही. साधारण मालासाठी ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. पुणे ते दिल्ली या सुमारे १४०० किलोमीटरच्या प्रवासाला त्यानुसार सात दिवस मिळतात. घाई असते ती माल मागविणाऱ्याची आणि ती मान्य करणाऱ्या वाहतूकदाराची.

युरोपीय संघाने २००६ च्या नियमांत या दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवले. साडेचार तास वाहन चालविल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती तेथे सक्तीची आहे. वेळेची नोंद वाहनातील यंत्र ठेवते. रस्ता सुरक्षेला बाधा येईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालाच्या वजनावर मोबदला देण्यासही मनाई आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये चालकांच्या कामाच्या तासांची अंमलबजावणी कशी करता येईल, यासाठी राज्यांसोबत बैठका घेण्याचे निर्देश केंद्राला दिले. पुराव्याची साधने आज हाताशी आहेत. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने ट्रक कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेला, याची नोंद होते. ती वाहनाची नोंद आहे, चालकाची नव्हे, ही तिची मर्यादा. तरीही एकच चालक असलेली गाडी रात्रभर धावली की नाही, एवढे त्यातून निश्चित कळू शकते.

अपघातानंतर पहिला गुन्हा चालकावर दाखल होतो. अशक्य वेळ ठरवून देणारा मालक आणि माल मागविणारा व्यापारी नामानिराळे राहतात. नव्या अधिसूचनेत या दोघांची जबाबदारी स्पष्ट झाली नाही, तर १९६१ चा अनुभव नव्या नावाने पुन्हा येईल आणि त्याची किंमत चालकाबरोबरच खडकीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला मोजावी लागेल.